एकट्याचा ऑनलाइन व्यवसाय: ग्राहकाला आपला आकार कसा सांगावा

वेबसाइट बनवायला घेतली की ‘आमच्याविषयी’ हे पान बहुतेकांचं सगळ्यात शेवटी लिहून होतं. काम करणारे तुम्ही एकटे, तेही घरातल्या एका खोलीतून, आणि इतरांच्या साइटवर मात्र जिकडेतिकडे ‘अनुभवी तज्ज्ञांची आमची टीम’. आपणही तसंच लिहावं असं वाटतं. त्यामागची भीती खोटी नाही. एकटा माणूस आहे म्हटल्यावर काही ग्राहक भाव पाडतात, काही ॲडव्हान्स द्यायला कचरतात, काही सरळ दुसरीकडे जातात.

तरीही आकार फुगवू नये असं माझं ठाम मत आहे. ग्राहक त्यावरून तीन गोष्टी ठरवत असतो: काम प्रत्यक्ष कोण करणार, किती दिवसांत होणार आणि मध्येच काही बिघडलं तर कोण उभं राहणार. ‘दहा जणांची टीम’ असं लिहिलं की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊन टाकलेली असतात. मग मुदतही दहा जणांची मागितली जाते, आणि ती पाळायला रात्री जागणारे तुम्ही एकटेच.

वेबसाइट, डिझाइन, भाषांतर, हिशेबाची कामं, ऑनलाइन शिकवणी, इन्स्टाग्रामवरून साड्या किंवा मसाले विकणं, यातलं काहीही नव्याने सुरू करत असाल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

पायरी १: कागदावर आपण कोण आहोत ते पाहा

आपल्याकडे एकट्याने व्यवसाय करणारे बहुतेक जण प्रोप्रायटर असतात. व्यवसायाला नाव वेगळं असलं तरी कायद्याच्या नजरेत तो व्यवसाय आणि तुम्ही एकच. पॅन तुमचाच, देणीही तुमचीच. अशा व्यवसायाच्या नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावता येत नाही. नोंदणी नसताना ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वापरलं तर २०१३च्या कंपनी कायद्यात दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ‘डायरेक्टर’ हेसुद्धा कंपनीतलं पद आहे, म्हणून कार्डावर ‘प्रोप्रायटर’, ‘मालक’ किंवा ‘संस्थापक’ लिहा. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हवी असेल तर किमान दोन भागीदार लागतात, साध्या प्रायव्हेट लिमिटेडला दोन सभासद आणि दोन संचालक.

एकट्यालाच कंपनी काढायची असेल तर त्याच २०१३च्या कायद्याने ‘वन पर्सन कंपनी’ हा मार्ग दिला आहे. त्यात कंपनीचं नाव जिथे जिथे छापाल तिथे त्याखाली कंसात ‘वन पर्सन कंपनी’ असं लिहावंच लागतं, म्हणजे माणूस एक आहे हे लपवायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही. पूर्वी या कंपनीला भांडवल आणि उलाढालीची मर्यादा होती, ती १ एप्रिल २०२१पासून काढून टाकली आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तेव्हापासून अशी कंपनी काढता येते.

लपवणं किती अवघड आहे तेही नव्या माणसाला माहीत असावं. तुमचा जीएसटी नंबर असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून कोणीही, लॉगिन न करता, तुमचं कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव आणि व्यवसायाचा प्रकार पाहू शकतो. तिथे ‘प्रोप्रायटरशिप’ असं स्पष्ट येतं. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की खात्यावरचं नाव दिसतं. कोटेशनवर कंपनीचं भारदस्त नाव आणि पैसे पाठवताना भलतंच कोणाचं तरी नाव, असं झालं की ग्राहकाचं बोट थांबतं. म्हणून व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडा, आणि बिलाच्या तळाशी ‘अमुक नावाकरिता, प्रोप्रायटर’ अशी स्वतःच्या नावाची सही ठेवा. खात्याचं, बिलावरचं आणि साइटवरचं नाव जुळलं पाहिजे.

पायरी २: साइटवरची वाक्यं एकेक करून तपासा

‘आम्ही’ म्हणावं की ‘मी’, यावर नवे लोक फार वेळ घालवतात. माझ्या मते ‘आम्ही’ चालतं. दुकानदार एकटा असला तरी ‘आमच्याकडे मिळेल’ म्हणतो आणि त्यात कोणी फसत नाही. पण त्या ‘आम्ही’ला हातपाय फुटू लागले की थांबा. ‘आमचा डिझाइन विभाग’, ‘आमचे अकाउंट्सवाले’, ‘आमची सपोर्ट टीम’ अशी माणसं उभी केलीत की ग्राहक त्यांच्या भरवशावर निर्णय घेतो.

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाचून ग्राहक पैसे, मुदत किंवा विश्वास यांपैकी काही ठरवेल का? ठरवणार असेल तर ते शब्दशः खरं हवं.

या कसोटीवर काय काय गळतं ते पाहा. विकत घेतलेले किंवा फुकट मिळालेले हसऱ्या चेहऱ्यांचे ‘टीम’ फोटो काढून टाका. ‘मुंबई, पुणे, दुबई’ अशी कार्यालयं लिहिली असतील आणि दुबईत फक्त मावसभाऊ राहत असेल, तर दुबई खोडा. ‘२४ तास सेवा’ एकटा माणूस देऊ शकत नाही, त्याऐवजी कामाच्या वेळा लिहा. एजन्सीमार्फत एखाद्या मोठ्या ब्रँडचं काम केलं असेल तर तो ब्रँड तुमचा ग्राहक नव्हे, एजन्सी तुमची ग्राहक. लोगो लावायचा तर परवानगी घ्या आणि खाली ‘अमुक एजन्सीसाठी केलेलं काम’ असं लिहा. नोकरीत असताना मिळवलेला अनुभव मात्र जरूर सांगा, ‘नोकरीत असताना’ हे शब्द जोडून. तो अनुभव तुमचाच आहे.

स्वतःच ग्राहक बनून चांगले अभिप्राय लिहिणं तर साफ बंद. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकायला स्पष्ट मनाई आहे. आपल्या वहिनीने खरंच साडी विकत घेतली असेल आणि तिला आवडली असेल, तरी तो अभिप्राय पानाच्या माथ्यावर लावू नये असं मला वाटतं. तिथे अनोळखी माणसाची दोन ओळींची पावतीच बरी.

एवढं गाळल्यावर पान रिकामं दिसेल. ते भरायला गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांची पाटी आठवा: डॉक्टरांचं नाव, शिक्षण, सकाळ-संध्याकाळच्या वेळा, रविवारी बंद. डॉक्टर एकटे आहेत हे पाटीवरूनच कळतं आणि रांग तरीही लागते. तुमच्या पानावरही तेच हवं: तुमचं खरं नाव आणि फोटो, काय शिकलात, काय काम केलंत, कधी भेटता आणि एका वेळी किती कामं घेता. उदाहरणार्थ: ‘छोट्या दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या वेबसाइट मी बनवतो. पहिल्या फोनपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत तुमच्याशी मीच बोलतो. एका वेळी तीन कामं घेतो. सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६.’ हे वाचून जो ग्राहक फोन करतो, त्याच्याशी पुढे भांडण होण्याची शक्यता कमीच.

पायरी ३: पत्ता, फोन, ईमेल

विक्री, तक्रार आणि हिशेब यांसाठी वेगवेगळे ईमेल पत्ते ठेवायला हरकत नाही. त्याने टपाल वेगळं पडतं आणि पुढे माणूस नेमला तर सोपं जातं. पण सगळे पत्ते तुम्हीच पाहत असाल तर उत्तराखाली तुमचंच नाव टाका. ‘स्नेहा, सपोर्ट विभाग’ अशी नसलेली व्यक्ती उभी करू नका. साइटवर आपोआप उत्तर देणारा चॅटबॉट असेल तर त्याला माणसाचं नाव आणि फोटो देऊ नका, पहिल्याच ओळीत ‘हे स्वयंचलित उत्तर आहे, मी संध्याकाळपर्यंत स्वतः पाहतो’ असं लिहा.

स्वतःच्या साइटवरून वस्तू किंवा सेवा विकत असाल तर ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण अपेक्षित आहे. एकट्याच्या व्यवसायात हे अधिकारीही तुम्हीच, तेव्हा तिथेही स्वतःचं नाव लिहा.

पत्त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. घरून काम करणाऱ्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ताईंना घराचा पत्ता जगजाहीर करायला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. आकाराबद्दल प्रामाणिक असणं म्हणजे घराचं दार उघडं टाकणं नव्हे. को-वर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या कार्यालयाच्या, ठिकाणी रीतसर करार करून तो पत्ता घेता येतो, कागदपत्रं नीट असतील तर जीएसटीलाही तोच देता येतो. तो पत्ता ‘पत्रव्यवहाराचा आणि नोंदणीचा पत्ता’ म्हणून लिहा. त्याच इमारतीच्या काचेच्या दर्शनी भागाचा फोटो टाकून ‘आमचं मुख्यालय’ म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली. पाकीटबंद माल विकणाऱ्यांना वेष्टनावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक संपर्क छापावाच लागतो, म्हणून हा पत्त्याचा प्रश्न पहिलं लेबल छापण्याआधी सोडवा.

पायरी ४: ‘तुम्ही किती जण आहात?’

हा प्रश्न येणारच. तो आला की आवाज खाली जातो आणि माणूस ‘छोटी टीम आहे आमची’ असं काहीतरी पुटपुटतो. उत्तर आधीच तयार ठेवा आणि मोठ्याने दोनदा म्हणून पाहा:

‘सर, काम मी एकटाच करतो. छपाईचं डिझाइन असेल तेव्हा ओळखीच्या एका डिझायनरला घेतो, तेही तुम्हाला सांगून. सध्या दोन कामं हातात आहेत, तुमचं १५ जूनला सुरू करता येईल.’

या उत्तरात डोक्यांची संख्या पहिल्या वाक्यात संपते आणि उरलेलं सगळं ग्राहकाच्या खऱ्या काळजीबद्दल आहे. त्याला तुमचा पट नको असतो. फोन उचलाल ना, मध्येच गायब होणार नाही ना, एवढंच त्याला हवं असतं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक ठरत नाही, मात्र परिस्थितीच अशी असेल की सांगणं तुमचं कर्तव्य होतं, तर ठरते. ठाऊक असून खोटं सांगितलं आणि त्यावर विसंबून समोरच्याने करार केला, तर तो करार रद्द करण्याचा हक्क त्याला मिळतो. थोडक्यात, एकट्याने चालवताय हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहायची गरज नाही. पण कोणी विचारलं तर खरंच सांगायचं. आणि ज्या कामात एकटेपणाचा थेट धोका आहे, उदाहरणार्थ रोज चालू राहिलीच पाहिजे अशी सेवा, तिथे न विचारताही सांगायचं.

काम नाकारायलाही शिकावं लागतं. आठवड्याला ४५ तास काम धरलं तर त्यातले पंधरा तास सहज फोन, कोटेशन, बिलं आणि थकलेल्या पैशांची आठवण करण्यात जातात. उरले तीस. हातातल्या कामांना त्यातले किती लागतात ते कागदावर मांडा, मगच पुढची तारीख द्या. ‘हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, पण अमुक जण करतील’ असं ज्याला सांगितलंत, तो ग्राहक छोटं काम घेऊन बरेचदा परत येतो.

पायरी ५: ‘तुम्हाला काही झालं तर?’

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि एकट्याने चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे याचं उत्तर असतं. ते तयार करा. माझ्या मते या लेखातली सगळ्यात मोलाची पायरी हीच आहे, कारण ‘मी एकटा आहे’ हे सांगायचं धैर्य इथून येतं.

वन पर्सन कंपनीत कायदाच हा प्रश्न सोडवतो: कंपनी काढतानाच मालकाच्या पश्चात ती सांभाळणाऱ्या नॉमिनीचं नाव, त्याच्या लेखी संमतीसह, द्यावं लागतं. प्रोप्रायटरला असं बंधन नाही. मालक गेला की ती प्रोप्रायटरशिप तिथेच संपते. म्हणून व्यवस्था आपली आपणच लावायची.

पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकाची मालमत्ता ग्राहकाच्याच नावावर ठेवा. डोमेन, होस्टिंग, जाहिरातींची खाती, गूगलवरचं दुकानाचं पान, सगळं त्याच्या ईमेलवर उघडा आणि तुम्ही फक्त परवानगी घेऊन आत या. सोयीसाठी सगळं स्वतःच्या खात्यावर घ्यायची पद्धत सर्रास आहे, आणि तो माणूस आजारी पडला की दहा दुकानांच्या साइट एकाच वेळी अडकतात. दुसरी गोष्ट, प्रत्येक कामाचा एका पानाचा कागद ठेवा: काय कुठे आहे, नूतनीकरण कधी, बॅकअप कुठे. तो ग्राहकाला द्या आणि वर्षातून एकदा नवा करा. तिसरी, आपल्यासारखंच काम करणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाशी एकमेकांचं काम सांभाळायचं बोलून ठेवा. तुम्ही त्याच्या अडचणीत उभे राहायचं, त्याने तुमच्या. हे लेखी असावं, त्यात पैसे कसे वाटायचे तेही असावं, आणि ग्राहकाची माहिती त्याला द्यायची तर ग्राहकाची संमती आधी घ्यावी. चौथी, घरातल्या एका व्यक्तीला एवढं तरी माहीत असू द्या की फोन कोणाला करायचा आणि पासवर्डची वही किंवा ॲप कसं उघडायचं.

शिवाय ॲडव्हान्स टप्प्याटप्प्याने घ्या. ३० टक्के सुरुवातीला, पुढचे काम दाखवून. एकट्या माणसाकडे सगळे पैसे आधी देताना ग्राहकाला जी धाकधूक वाटते ती यातच कमी होते, आणि उद्या काम अर्धवट सोडावं लागलं तर परत करायची रक्कमही आटोक्यात राहते.

सुट्ट्याही याच पायरीत येतात. गणपतीला कोकणात जाणार असाल, नेटवर्क नसेल, तर महिनाभर आधी सांगा: ‘या तारखांना काम बंद, साइट बंद पडली तर अमुक यांना फोन करा.’ फोन बंद ठेवून नंतर ‘आमची टीम रजेवर होती’ म्हणणाऱ्यापेक्षा ग्राहक हे केव्हाही समजून घेतो.

पायरी ६: दुसऱ्याकडून काम करून घेताना

कामाचा काही भाग बाहेर दिलात तर लपवू नका. कोटेशनमध्ये एक ओळ पुरे: ‘छायाचित्रण बाहेरच्या छायाचित्रकाराकडून, जबाबदारी माझी.’ बायको कुरियरची पाकिटं भरत असेल, भाऊ हिशेब पाहत असेल, तर ती खरी मदत आहे, तीही सांगायला लाजू नका. पण त्यांना ‘ऑपरेशन्स हेड’ आणि ‘फायनान्स हेड’ बनवू नका. काम एआय साधनाने केलं असेल आणि ग्राहकाने विचारलं, तर तेही सरळ सांगा.

पायरी ७: मोठ्या कंपनीचा फॉर्म

मोठ्या कंपनीचं काम मिळालं की व्हेंडर फॉर्म, म्हणजे पुरवठादाराच्या माहितीचा फॉर्म, येतो. ‘कर्मचारी संख्या’ या चौकटीत हात थरथरतो. तिथे १ लिहा. पीएफ नोंदणी क्रमांक विचारला असेल तर ‘लागू नाही’ लिहा आणि लेटरहेडवर चार ओळींचं सहीचं पत्र जोडा. पीएफ कायदा साधारणपणे २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागतो, खरेदी विभागाला ते माहीत असतं. महाराष्ट्रात गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, विचारतील, त्याचीही पावती आधीच काढून ठेवा.

इथे लहान असण्याचा उघड फायदा आहे आणि तो घेण्यासाठी लहान आहोत असं सांगावंच लागतं. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, करा. १ जुलै २०२०पासून ती ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि मोफत आहे, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून सावध राहा. १ एप्रिल २०२५पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही ‘सूक्ष्म’ उद्योग ठरता. सेवा देणाऱ्या किंवा माल बनवणाऱ्या अशा उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायला खरेदीदार २००६च्या एमएसएमई कायद्याने बांधलेला आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत ओलांडली तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, खरेदीदाराला करात वजा करता येत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हे उशिराच्या पैशांचं संरक्षण मिळत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांच्या आणि उपक्रमांच्या निविदांमध्येही सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट असते.

तेव्हा उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि पहिल्याच ईमेलमध्ये प्रमाणपत्र जोडा. त्या नोंदणीतही काम करणाऱ्या माणसांची संख्या विचारतात. एका ठिकाणी १ आणि साइटवर १२ असं असेल तर दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार, हे लक्षात ठेवा.

पायरी ८: पहिला माणूस नेमल्यावर

व्यवसाय वाढला आणि कोणाला कामावर घेतलं, की आधी जुन्या ग्राहकांना कळवा. ‘काम मीच करतो’ या शब्दावर ते तुमच्याकडे आले होते. आता रोजचे फोन कोण घेणार, प्रत्यक्ष काम कोण करणार आणि तपासणार कोण, हे त्यांना तुमच्या तोंडून समजायला हवं, नव्या माणसाने फोन उचलल्यावर नव्हे. एखादा ग्राहक ‘माझं काम तुम्हीच करा’ म्हणेल. जमत असेल तर हो म्हणा, दर वेगळा असेल तर तो सांगा. मग साइटवरचं पान बदला, नव्या माणसाचं नाव आणि फोटो त्याला विचारून टाका, उद्यममधली संख्या दुरुस्त करा आणि सुट्टीत कोणाला फोन करायचा ती ओळ नव्याने लिहा.